दाणे आले कुठून?

उजेड-अंधार : फोटोग्राफीविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत. कुणी लिहितं ‘फोटो फुटला’, कुणी ‘रवा सांडल्यासारखा दिसतो’, आणि कळव्याच्या एका गृहस्थांनी तर ‘फोटोला घामोळं आलंय’ असं निदानच करून टाकलंय. तिघांचा रोग एकच, फोटोभर पसरलेले बारीक ठिपके. हल्लीची मुलं त्याला नॉइज म्हणतात. मी फिल्म धुऊन मोठा झालो, नौपाड्यातल्या दोन खोल्यांत न्हाणीघराची डार्करूम करून. त्यामुळे माझ्या तोंडात ‘दाणे’च बसलंय. फिल्मचे दाणे म्हणजे चांदीचे कण, डिजिटलचे वेगळे, हे मला ठाऊक आहे. तरी शब्द सुटत नाही.

प्रश्न : मुलीचं अरंगेत्रम (भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम) ठाण्याच्या गडकरी रंगायतनला झालं. फोटो मी स्वतः काढले, पाचव्या रांगेतून. डीएसएलआर आहे, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स. फ्लॅश मारायचा नव्हता. आयएसओ म्हणजे कॅमेरा फोटो किती उजळवतो तो आकडा, त्याबद्दल भाच्याने बजावलं होतं, ‘आयएसओ ८०० च्या वर नेलास की फोटो फुटलाच समज.’ म्हणून ८०० सोडला नाही. शटर (उघडं राहण्याचा वेळ) १/६० सेकंद, अ‍ॅपर्चर ५.६ (लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं). सगळे फोटो काळोखे आले. मोबाइलवर उजळवले तर तिच्या चेहऱ्यावर लाल-हिरवे ठिपके. एवढं सांभाळून हे दाणे आले कुठून? तीन फोटो मेलवर पाठवलेत. – एक आई, पाचपाखाडी

उत्तर : ताई, भाच्याला एकदा माझ्याकडे पाठवा. रागावणार नाही, चहा पाजीन. तो सांगतो ते सगळेच सांगतात.

आयएसओ वाढवला म्हणून दाणे येत नाहीत. उजेड कमी पडला म्हणून येतात. पावसाळ्यातल्या एखाद्या सोमवारी संध्याकाळी तलावपाळीवर चक्कर मारा. भेळेच्या दोन गाड्या शेजारी-शेजारी, भाव तोच, चव तीच. तरी तासाभरात एकीकडे सहा गिऱ्हाइकं येतात, दुसरीकडे बारा. सरासरी नऊ, आणि नवात तीनचा चढउतार. यात कुणाचा दोष नाही, माणसं रांग लावून ठरल्या वेळी येत नाहीत एवढंच. आता रविवारी जा आणि सरासरी नऊशे धरा. (भेळवाला हे वाचून हसेल, पण धरा.) एकीकडे ८७०, दुसरीकडे ९३०. फरक साठाचा, पण लांबून बघणाऱ्याला दोन्ही गाड्यांवर सारखीच झुंबड दिसते. चढउतार साधारण वर्गमुळाएवढा असतो. नवाचं वर्गमूळ तीन, नऊशेचं तीस. म्हणजे सोमवारी तिसऱ्या हिश्शाची गडबड, रविवारी शेकडा तीनची.

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप. तिच्यावरचा एकेक पिक्सेल म्हणजे अशी एकेक गाडी आणि उजेडाचे कण म्हणजे गिऱ्हाइकं. रंगमंचाच्या काळ्या पडद्यावर कायमच पावसाळी सोमवार असतो. शेजारच्या दोन पिक्सेलांना सारखाच उजेड मिळायला हवा, पण एकाला सहा कण मिळतात, दुसऱ्याला बारा. एक ठिपका मंद, एक उजळ. हाच दाणा. कॅमेरा कितीही महागाचा आणा, हा चढउतार उजेडाच्या अंगचाच आहे.

आयएसओ वाढवणं म्हणजे त्याच गिऱ्हाइकांची वही चौपट आकड्यांनी लिहिणं. सहाचे चोवीस, बाराचे अठ्ठेचाळीस. नवं गिऱ्हाईक एकही आलेलं नाही, फरक तेवढा ठळक झाला. तुम्ही मोबाइलवर फोटो उजळवलात तेव्हाही नेमकं हेच केलंत, फक्त उशिरा आणि जास्त वाईट रीतीने. जेपेग फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत मोजून २५६ पायऱ्या. तुमच्या काळोख्या फोटोत मुलीचा चेहरा त्यातल्या खालच्या थोड्याशा पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेला होता. तो ताणला की पायऱ्यांमधल्या फटी दिसू लागतात. शिवाय कॅमेऱ्याच्या सर्किटची स्वतःची थोडी खरखर असते. बऱ्याच कॅमेऱ्यांत आयएसओ आधीच वाढवला तर ती कमी मिसळते, मागून उजळवलं तर पुरती वर येते. म्हणजे भाच्याचं ऐकून तुम्ही दाणे टाळले नाहीत, जास्तीचे घेतलेत.

ठिपके लाल-हिरवे का, तेही सांगतो. पिक्सेलला स्वतःला रंग कळत नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर एक रंगीत गाळणी बसवलेली असते. निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी मांडलेली ही रचना, १९७६ साली तिचं पेटंट झालं, आणि आज तुमच्या-माझ्या जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांत तीच आहे. उरलेले दोन रंग कॅमेरा शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतो. शेजारीच चुकीचं सांगत असतील तर अंदाजही चुकतो, आणि राखाडी दाण्याचा रंगीत दाणा होतो. त्यात स्टेजचे जुने पिवळे दिवे. त्यांच्यात निळा उजेड मुळात थोडा, म्हणून निळ्या गाळणीखालचे पिक्सेल सगळ्यात उपाशी. तुमच्या दुसऱ्या फोटोत मुलीची निळी साडी सगळ्यात खराब आलीय, ती यामुळे.

तुमचे फोटो बघितले. अंदाजे चौपट उजेड कमी पडलाय. आता हिशेब करा. ५० एमएमची १.८ वाली, म्हणजे जिचं भोक १.८ पर्यंत उघडतं ती, लेन्स घ्या. कॅनन, निकॉन, दोघांकडे ती आहे आणि त्यांच्या स्वस्त लेन्समध्ये ती मोडते. ती एफ २ वर ठेवली की ५.६ च्या आठपट उजेड आत येतो. त्यातला निम्मा शटरवर खर्च करा, १/६० चं १/१२५ करा. तरी चौपट हातात उरला. आयएसओ तुमच्या भाच्याचा तोच ८००, फोटो उजळ, आणि सेन्सरला गिऱ्हाइकं चौपट. झूम मात्र गेला. पाचव्या रांगेतून ५० एमएम बऱ्यापैकी बसते, बाराव्या रांगेत बसाल तर मुलगी काडेपेटीएवढी दिसेल.

लेन्स नसेल तर बिनधास्त ३२०० लावा. ६४०० लावा. आणि रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. १४ बिटच्या रॉमध्ये २५६ ऐवजी सोळा हजारांवर पायऱ्या असतात, मागून सावरायला जागा राहते.

शटरचं एवढं का सांगतोय? तुमच्या तिसऱ्या फोटोत चेहरा स्थिर आहे, पण पायातले घुंगरू म्हणजे नुसता पितळी धूर. दाणे मागून थोडे कमी करता येतात. हललेला पाय जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला धड जोडता येत नाही. हे मी पैसे मोजून शिकलोय. २००८ साली नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता. एका नाटकाचे फोटो काढायचे होते, याच गडकरीत. दाणे नकोत म्हणून आयएसओ ४०० वर धरून बसलो, शटर १/१५ पर्यंत खाली गेलं. दोनशेच्या वर फोटो काढले, त्यांतले सात धड. निर्मात्याने पाकीट हातात ठेवलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, ‘काका, आमची माणसं एवढी हलतात का हो?’ त्या पाकिटातल्या पैशांनी मी पहिली १.८ घेतली.

नाचात मात्र एक सोय आहे, जी नाटकात नाही. तुम्ही आई आहात, तुम्हाला तीर्मानम (नाचाचा तुकडा संपवणारे बोल) पाठ असतील. तधिंगिणतोम तिसऱ्यांदा संपलं की नर्तकी क्षणभर दगडासारखी थांबते. तिथे १/१२५ पुरतं, कधी १/६० सुद्धा. उडीला १/५०० लागेल, तिचा नाद सोडा किंवा त्या एका फोटोपुरते दाणे पत्करा. मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याचं उजेड मोजणं, स्पॉटवर (एका ठिपक्यापुरतं) ठेवून चेहऱ्यावर धरा. नाहीतर कॅमेरा मागचा काळा पडदा बघून घाबरतो, सगळं उजळवायला जातो आणि चेहरा पांढराफटक करतो.

जाता जाता : हॉलमधल्या साध्या एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे आले तर ते दाणे नव्हेत. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० वर आणा, बहुतेक वेळा पट्टे जातात.

प्रश्न : फुल फ्रेम कॅमेरा घेतला तर नॉइज जाईल का? – एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : जाणार नाही, कमी होईल. फुल फ्रेमचा ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर छोट्या २३.५ बाय १५.६ च्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने सव्वादोनपटीहून थोडा मोठा, म्हणजे तेवढाच जादा उजेड. वरच्या ताईंना लेन्सने आठपट मिळाला. वडिलांचे पैसे आहेत ना? मग आधी लेन्स.

प्रश्न : वाशीच्या सागर विहारवरून रात्री खाडीपुलाचे फोटो काढतो. ट्रायपॉड, आयएसओ १००, शटर ३० सेकंद. आयएसओ इतका कमी असूनही पाण्याच्या काळ्या भागात लाल, निळे, पांढरे टिपके येतात, आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी. दुसरी तक्रार अशी की फोटो झाल्यावर कॅमेरा आणखी तीसेक सेकंद अडकून बसतो. एका दुरुस्तीवाल्याने सेन्सर बदलावा लागेल असं सांगितलं आणि रक्कम ऐकून घरी वाद झाला. – सेवानिवृत्त बँक कर्मचारी, नेरूळ

उत्तर : आधी घरातला वाद मिटवा. सेन्सर धडधाकट आहे.

हे उजेडाच्या कमतरतेचे दाणे नाहीत, तसले दाणे दर फोटोत जागा बदलतात. तुमचे जागा सोडत नाहीत, म्हणजे ते गरम पिक्सेल. काही पिक्सेल उजेड नसतानाही उष्णतेने आपोआप भरत जातात. शटर १/१०० सेकंद उघडं असेल तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, तीस सेकंदांत ते ठळक पेटलेले दिसतात. सेन्सरचं तापमान सहा ते आठ अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. मे महिन्यातली वाशीची रात्र, त्यात तुम्ही फ्रेम ठरवताना दहा मिनिटं लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) चालू ठेवणार. मग काय होणार? दोन फोटोंच्या मधे स्क्रीन बंद करा, कॅमेऱ्याला वारा लागू द्या. खाडीवर तेवढं फुकट मिळतं.

एकदा घरीच पडताळून पाहा. लेन्सला झाकण लावा, व्ह्यूफाइंडरच्या भोकावर रुमाल टाका, आयएसओ १०० आणि ३० सेकंद ठेवून फोटो काढा. काळ्या फोटोत तेच टिपके त्याच जागी सापडतील.

कॅमेरा अडकतो तो हीच पडताळणी करत असतो. मेनूत ‘लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन’ नावाची सोय आहे, ती तुमच्याकडे चालू असणार. तीस सेकंदांचा फोटो झाला की कॅमेरा शटर मिटून आणखी तीस सेकंदांचा एक काळा फोटो घेतो आणि पहिल्यातून तो वजा करतो. तुम्ही त्या वेळात वैतागून बटण बंद केलंत तर वजाबाकी अर्धवट राहते. माझा संशय असा की टिपके उरलेले फोटो त्याच प्रकारातले आहेत. धीर धरवत नसेल तर ती सोय बंद करा, आणि घरी निघण्यापूर्वी झाकण लावून त्याच आयएसओचा, त्याच शटरचा एकच काळा फोटो घ्या. संगणकावर तो सगळ्यांतून वजा करता येतो. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत पिक्सेल मॅपिंग असतं. ते चालवलं की कॅमेरा असे पिक्सेल टिपून ठेवतो आणि पुढे त्यांचं ऐकत नाही.

दुरुस्तीवाल्याकडे पुन्हा जाऊ नका. गेलात तर झाकण लावलेला फोटो घेऊन जा आणि तो काय म्हणतो ते मला कळवा, मजा येईल.

प्रश्न : मोबाइलच्या नाइट मोडमध्ये पणत्या झकास आल्या, पण ओवाळणाऱ्या आजीचा हात गायब आणि आमचे सगळ्यांचे चेहरे मेणाचे. असं का? – अकरावीतली मुलगी, कोपरी

उत्तर : नाइट मोडमध्ये फोन एक फोटो काढत नाही, भराभर बरेच काढतो, एकावर एक नीट बसवतो आणि त्यांची सरासरी घेतो. दाण्यांची जागा दर फोटोत बदलते, पणतीची बदलत नाही. म्हणून सरासरीत पणती टिकते, दाणे विरतात. चार फोटोंत ते निम्म्यावर येतात, सोळांत पावपट. पण आजीचा हातही दर फोटोत वेगळ्या जागी होता, मग तोही गोंधळात जातो. उरलेले दाणे फोन घासून काढतो, त्याबरोबर गालांची त्वचाही घासली जाते.

आजीला ताम्हन घेऊन दोन सेकंद थांबायला सांग. ती थांबणार नसेल (माझी नसती थांबली) तर नाइट मोड बंद कर, ट्यूबलाइट लाव आणि आणखी दोन पणत्या तिच्या चेहऱ्याजवळ आण. आणि फोनची काच पूस. दिवाळीत पाहुण्यांचे फोन हातात घेतो तेव्हा प्रत्येक लेन्सवर चकलीचं तेल असतं.

प्रश्न : वडिलांचा एकच धड फोटो आहे, २००६ साली धाकट्या भावाच्या हळदीच्या रात्री अंगणातल्या बल्बखाली काढलेला. दोन मेगापिक्सेलचा छोटा कॅमेरा होता. फोटोभर दाणे आहेत. वर्षश्राद्धाला १२ बाय १८ इंचांचा मोठा करून लावायचा म्हणून एका अ‍ॅपमधून साफ केला. स्वच्छ झाला, पण आई बघून म्हणाली, ‘हे कोण?’ – कळवा

उत्तर : घामोळ्याचं निदान करणारे तुम्हीच. तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी लावून बराच वेळ बघितले. अ‍ॅपने डाव्या गालावरचा तीळ खाल्लाय. भुवईतला एक पांढरा केस होता, तो काळा केलाय. आणि ओठ मिटलेले असताना त्यात दातांची रेघ काढलीय. आई बरोबर आहेत.

या नव्या अ‍ॅपांना हजारो चेहरे दाखवून शिकवलेलं असतं. जिथे दाण्यांखाली काय आहे ते कळत नाही, तिथे ती इतरांच्या चेहऱ्यांवरून भर घालतात. झाडं-भिंती असतील तर चालून जातं. चांगल्या रॉ फाइलवर हीच साधनं मी रोज वापरतो, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या फोटोत चेहरा सगळा मिळून नखाएवढा, तेवढ्या भांडवलावर अ‍ॅपने दुसराच माणूस उभा केला.

मूळ फाइल घ्या. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दाण्यांच्या दोन वेगळ्या पट्ट्या असतात, एक कलर (रंगाची), एक लुमिनन्स (उजेड-अंधाराची). डार्कटेबल, रॉथेरपी ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअरही पुरेशी आहेत. कलर नॉइजची पट्टी हात न आखडता पुढे न्या. आपल्या डोळ्याला रंगातले बारकावे तितकेसे कळत नाहीत, त्यामुळे लाल-हिरवे ठिपके गेले तरी चेहरा हलत नाही. लुमिनन्सची मात्र थोडीशीच. तिळाकडे बघत बघत सरकवा, तीळ पुसट व्हायला लागला की मागे या. उरतील ते राखाडी दाणे राहू द्या. वाटलंच तर फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. तेच दाणे मग जुन्या फिल्मसारखे दिसतात, आणि ज्यांचे वडील २००६ मध्ये साठीचे होते त्यांना ते परकेही वाटत नाहीत. पण हळदीचा पिवळा जाईल. ते आईंना विचारून करा.

१२ बाय १८ चा आग्रह सोडा. दोन मेगापिक्सेल म्हणजे १६०० बाय १२०० ठिपके, चार बाय सहाला तो छान बसतो, पाच बाय सातला ओढूनताणून. लहान प्रिंटमध्ये शेजारचे ठिपके डोळ्यात एकमेकांत मिसळतात आणि दाणे आपोआप निवतात. फ्रेम मोठी हवी असेल तर भोवती चार-चार इंच पांढरं माउंट सोडा. कागद मॅट घ्या, ग्लॉसीवर हार आणि ट्यूबलाइट दोन्ही चमकतात.

फाइल मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ते आणखी दाबतं. पेनड्राइव्हवर घेऊन या, आईंनाही आणा. तीळ कुठे थांबवायचा ते त्याच सांगतील. गुरुवारी दुकान बंद असतं.